स्पर्श एक की अनेक?

डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये शाळेत आपण सर्वांनीच पाठ केलेली असतात. यांतील पहिली चार चेहऱ्यावर आपापली जागा धरून बसली आहेत. पाचव्याला मात्र असा ठावठिकाणा नाही. टाळूपासून तळव्यापर्यंत ते सर्वत्र पसरलेले आहे. शिवाय त्याच्याकडे कामे तरी किती! वस्तू ऊन आहे की गार, मऊ आहे की टणक, खरखरीत आहे की गुळगुळीत, ती टोचते की नुसती टेकते, हे सारे आपण 'स्पर्श' या एका शब्दात कोंबतो. डोळ्यांना ऐकू येते असे कुणी म्हटले तर आपण हसू. पण एकाच त्वचेला ऊब आणि दाब या दोन अगदी निराळ्या गोष्टी कळाव्यात, याचे आपल्याला नवल वाटत नाही.

नवल वाटले ते ॲरिस्टॉटलला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेलेल्या या ग्रीक तत्त्वज्ञाने 'आत्म्याविषयी' या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात अकरावे प्रकरण स्पर्शाला दिले आहे, आणि त्याच्या आरंभीच तो विचारतो: स्पर्श हे एक इंद्रिय आहे की अनेक? दृष्टीचा विषय रंग, श्रवणाचा विषय ध्वनी. पण स्पर्शाचा विषय कोणता? शीत व उष्ण, ओले व कोरडे, कठीण व मृदू, अशा किती तरी जोड्या त्यात येतात, आणि त्या सर्वांच्या बुडाशी असलेली एखादी समान गोष्ट काही सापडत नाही. त्याचा दुसरा प्रश्नही तितकाच खोल होता. मांस हेच स्पर्शाचे इंद्रिय, की मांस हे केवळ माध्यम आणि खरे इंद्रिय आत कोठे तरी दडलेले? अंगावर पातळ पडदा ताणून बसवला तरी पडद्याला काही लागताच आपल्याला ते कळते. म्हणून काही पडदा इंद्रिय ठरत नाही. ढालीवर घाव बसला की ढाल आणि ढाल धरणारा दोघेही एकदमच हादरतात. मांसाचेही तसेच असावे आणि इंद्रिय आत असावे, असा त्याचा कौल पडला. ते हृदयाजवळ असावे हा त्याचा तर्क पुढे टिकला नाही. पण 'आत शोधा' हा त्याचा इशारा किती नेमका होता, हे कळायला दोन हजारांहून अधिक वर्षे जावी लागली. पहिला प्रश्न त्याने अर्धवट सोडला आणि ज्ञानेंद्रियांची संख्या पाचच ठेवली.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या ग्रंथावर भाष्य लिहिले. स्पर्श हा सर्व संवेदनांचा पाया आहे, आणि माणसांमाणसांत ज्यांचा स्पर्श अधिक तरल त्यांची बुद्धीही अधिक तल्लख, असे विधान त्यांच्या 'सुम्मा'मध्ये आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हे वाक्य आले की आम्हां विद्यार्थ्यांना आपापल्या तळहातांकडे पाहण्याचा मोह होत असे. विधान खरे-खोटे कसेही असो; ज्याला लोक सर्वांत खालचे इंद्रिय मानीत, त्याला या तत्त्ववेत्त्याने पायाच्या दगडाचा मान दिला, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे.

तथापि ॲरिस्टॉटलच्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांच्या पठणातून निघाले नाही. ते बहुतांशी अशा माणसांकडून मिळाले, ज्यांच्या स्पर्शाचा एखादा तुकडा हरवला होता आणि बाकीचा शाबूत होता. अखंड भिंतीत किती विटा आहेत हे दिसत नाही. एखादी निखळली की दिसू लागते.

अशा पहिल्या रुग्णांपैकी एकाचे नाव पॉसानियस. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये राहणारा हा सीरियाचा पंडित. त्याच्या एका हाताची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली होती. बोटे हलत होती, पण त्यांना काही कळत नव्हते. वैद्य बोटांना लेप लावीत बसले. गेलन या प्रख्यात वैद्याने मात्र विचारपूस केली, तेव्हा हा गृहस्थ रथातून पडला असून त्याच्या मानेखाली मार बसल्याचे निष्पन्न झाले. गेलनने औषध बोटांवरून काढून पाठीच्या कण्यावर लावले आणि रुग्ण बरा झाला, असे तो स्वतःच लिहितो. औषधाच्या गुणाविषयी आज आपण शंका घेऊ. पण हालचाल आणि संवेदना या वेगळ्या वाटांनी जात असल्या पाहिजेत, कारण एक जाऊन दुसरी राहू शकते, हे त्याचे अनुमान अचूक होते.

ती वाट प्रत्यक्ष दाखवायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. मधल्या काळातील एका माणसाचा उल्लेख टाळवत नाही. निल्स स्टेन्सन हा कोपनहेगनचा शरीरशास्त्रज्ञ. त्याने १६६७ साली स्नायूंच्या रचनेवर गणिती पद्धतीने ग्रंथ लिहिला आणि स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो फुगत नाही, हे दाखवून दिले. त्याच वर्षी त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, पुढे तो धर्मगुरू व बिशप झाला, आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला 'धन्य' म्हणून घोषित केले. मेंदूविषयी व्याख्यान देताना याच स्टेन्सनने आपल्याला त्यातले काही कळत नाही, अशी प्रांजळ सुरुवात केली होती. त्या काळच्या पंडितांत असा प्रांजळपणा विरळाच.

आता मुख्य पात्राकडे वळू. चार्ल्स बेल हा एडिंबरो येथे जन्मलेला शल्यचिकित्सक. वॉटर्लूच्या लढाईनंतर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारा आणि त्यांची चित्रे काढणारा. मेरुरज्जूतून निघणाऱ्या प्रत्येक मज्जातंतूला दोन मुळे असतात, एक पुढचे व एक मागचे. त्यांची कामे वेगळी असावीत असे बेलने १८११ साली एका छोट्या पुस्तिकेत सुचविले. मागचे मूळ संवेदना आणते आणि पुढचे मूळ हालचालीचा हुकूम नेते, हे स्पष्टपणे सिद्ध केले ते फ्रान्सच्या फ्रांस्वा माजांदीने, १८२२ साली. श्रेय कोणाचे यावरून दोघांत आणि दोघांच्या शिष्यांत पुष्कळ कडवटपणा झाला. माझ्या मते पुराव्याचे श्रेय माजांदीचेच. मात्र त्यासाठी त्याने कुत्र्याच्या पिलांचे जे हाल केले ते वाचवत नाहीत.

बेलची खरी मोठी गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्यासाठी कोणी त्याच्याशी भांडले नाही. १८२६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. मेंदूपासून स्नायूपर्यंत हुकूम नेणारा तंतू असतो हे ठीक. पण स्नायूची स्थिती मेंदूला कळविणारा उलट दिशेचा तंतूही असला पाहिजे, असे त्याने त्यात मांडले. मेंदू आणि स्नायू यांच्यामध्ये एक वर्तुळ आहे, सरळ रेषा नव्हे. आपण उभे असतो तेव्हा किंचित कललो की लगेच सावरतो. आपण कललो आहोत हे स्नायूने आधी कळविल्याशिवाय हे सावरणे कसे घडेल? या जाणिवेला त्याने 'स्नायूंचे इंद्रिय' म्हटले. ॲरिस्टॉटलने सोडून दिलेल्या यादीत प्रथमच एक नवे नाव उघडपणे दाखल झाले.

पुढे १८३३ साली बेलने 'हात' या विषयावर एक ग्रंथ लिहिला. निर्मितीतून प्रकट होणारे देवाचे सामर्थ्य, शहाणपण व चांगुलपण विशद करावे म्हणून इंग्लंडच्या एका उमरावाने मृत्युपत्रात पैसे ठेवले होते. त्यातून निघालेल्या आठ ग्रंथांपैकी हा एक. त्यात एका मातेची हकिकत आली आहे. तान्हे मूल अंगावर पीत असता तिला अर्धांगाचा झटका आला. एका बाजूच्या हातातील शक्ती गेली, दुसऱ्या बाजूची संवेदना गेली. ज्या हातात शक्ती होती पण संवेदना नव्हती, त्या हाताने ती बाळाला छातीशी धरू शके, परंतु बाळाकडे पाहत असेपर्यंतच. खोलीतल्या दुसऱ्या कशाकडे तिचे लक्ष गेले की त्या हाताचे स्नायू हळूहळू सैल पडत आणि मूल पडण्याच्या बेतात येई. हातात ताकद पुरेशी होती. ममतेची उणीव असण्याचा तर प्रश्नच नाही. उणीव होती ती 'मी बाळाला धरून आहे' हे हाताकडून येत राहणाऱ्या निरोपाची. तो निरोप बंद झाला तेव्हा त्याचे काम डोळ्यांना करावे लागले, आणि डोळ्यांना दुसरीही कामे असतात.

याच सुमारास बर्लिनमध्ये मोरित्स रोम्बर्ग हा वैद्य असे रुग्ण पाहत होता, ज्यांच्या मेरुरज्जूचा मागचा भाग रोगाने झिजलेला असे. दिवसा ते बऱ्यापैकी उभे राहत. पण डोळे मिटायला सांगितले की डोलू लागत आणि पडत. सकाळी तोंड धुताना पाण्यासाठी डोळे मिटले की त्यांचा तोल जाई. आजही मज्जातंतूंचे डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहायला सांगतात, ती ही रोम्बर्गची परीक्षा.

जर्मनीतील लाइप्झिग येथे एर्न्स्ट वेबर त्वचेचे मोजमाप करीत होता. त्याने १८३४ साली स्पर्शावर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे साधन साधे होते: कंपासाची दोन टोके. दोन्ही टोके एकदम त्वचेवर टेकवायची आणि डोळे मिटलेल्या माणसाला एक लागले की दोन, हे विचारायचे. जिभेच्या शेंड्याला सुमारे एक मिलिमीटर अंतरावरची दोन टोके वेगळी कळतात, बोटाच्या टोकाला सुमारे दोन. पाठीच्या मध्यावर मात्र ती सहा सेंटिमीटर दूर असली तरी एकच वाटतात. घरी दोन काड्या घेऊन मुलांना हा प्रयोग करून दाखवावा. पाठीचे भोळेपण पाहून ती खूश होतात. वेबरला आणखी एक गंमत आढळली. कपाळावर ठेवलेले थंड नाणे तेवढ्याच वजनाच्या ऊन नाण्याहून जड वाटते. म्हणजे दाब आणि तापमान ही वेगळी खाती असली तरी त्यांचे हिशेब मध्येच एकमेकांत मिसळतात.

खाती वेगळी असतील तर त्यांचे कारकून कोठे बसतात? हा शोध सूक्ष्मदर्शकाने घेतला. त्याची सुरुवात मात्र नुसत्या डोळ्यांनीच झाली. इटलीतील पिस्तोया गावचा फिलिप्पो पाचिनी १८३१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हाताचे विच्छेदन करताना मज्जातंतूंना लटकलेले मिलिमीटरभर लांबीचे दाणे पाहून थबकला. त्याच्या आधी १७४१ साली विटेनबर्गच्या आब्राहाम फाटरनेही ते पाहिले होते. पण त्यांचा अर्थ कोणी लावला नव्हता. आत कांद्यासारखे पापुद्रे आणि मधोमध तंतूचे टोक, अशी त्यांची घडण. मग १८५२ मध्ये गेओर्ग माइसनर आणि त्याचा गुरू रुडॉल्फ वाग्नर यांना बोटाच्या टोकाच्या त्वचेत वरच्या थराला चिकटलेल्या दुसऱ्याच कणिका दिसल्या, आणि गुरुशिष्यांत पहिला मान कोणाचा यावरून वितुष्ट आले. १८७५ मध्ये फ्रीडरिश मेर्केल याने स्पर्शपेशी वर्णिल्या, आणि शतकाच्या अखेरच्या दशकात आंजेलो रुफिनी याने त्वचेच्या खोल थरातील टोके.

या चौघांची कामे आज चांगली ठाऊक आहेत. जपमाळ खिशात ठेवून अंधारात मणी ओढणारे आपले वडीलधारे त्या चौघांनाही राबवीत असतात. मण्याचा गोलवा आणि कड मेर्केलच्या पेशी सांगतात. मणी बोटांतून निसटू लागला की माइसनरच्या कणिका आरोळी देतात, आणि आपल्याला कळण्याच्या आत बोटांची पकड घट्ट होते. बारीक थरथर पाचिनीचे कांदे टिपतात, तर त्वचा कोणीकडे ताणली गेली हे रुफिनीची टोके. एका हाताच्या तळव्यात व बोटांत मिळून असे स्पर्शाचे सुमारे १७,००० तंतू येऊन पोहोचतात, असे स्वीडनच्या संशोधकांनी १९७९ साली दाखविले.

माक्स फॉन फ्राय या संशोधकाने १८९० च्या दशकात घोड्याचे व माणसाचे निरनिराळ्या जाडीचे केस काडीला चिकटवून त्वचेवर दाबून पाहिले. केस ठरावीक जोर होताच वाकतो, त्यापुढे जोर वाढत नाही. म्हणून तो उत्तम माप. दाब, ऊब, गारवा आणि वेदना या चार संवेदना वेगवेगळ्या ठिपक्यांवर बसलेल्या आहेत, असे त्याने मांडले. कोणत्या कणिकेचे कोणते काम याविषयीचे त्याचे काही तर्क चुकले, पण केस मात्र टिकला.

या सर्व शोधांत स्नायू मागे पडले होते. स्नायूंच्या धाग्यांत मधूनमधून सूत कातण्याच्या चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते असे काही तरी असते. विल्हेल्म क्यून याने १८६३ साली त्यांना 'चाती' हेच नाव दिले. हे आजाराचे लक्षण आहे की वाढणारा नवा स्नायू, यावर तीस वर्षे तर्क चालले. १८९४ साली चार्ल्स शेरिंग्टन याने हा वाद मिटविला. त्याने मेरुरज्जूतून निघणारी हालचालीची मुळे कापली आणि ते तंतू मरून जाण्याची वाट पाहिली. स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत केवळ हुकूम नेणारे धागे असते, तर तो सबंध मज्जातंतू निर्जीव व्हायला हवा होता. तसे झाले नाही. एकतृतीयांश ते निम्मे धागे जिवंत राहिले, आणि त्यांचा माग काढला असता ते चातींपाशी जाऊन पोहोचले. बेलच्या वर्तुळाची परतीची वाट सापडली होती.

दुसऱ्या वर्षी शेरिंग्टन आणि मॉट यांनी माकडाच्या एका हाताची फक्त संवेदनेची मुळे कापली. हालचालीचे तंतू पूर्ण शाबूत होते. तरी त्या माकडाने तो हात जणू सोडूनच दिला. १९०६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात शेरिंग्टनने या जाणिवेला लॅटिन 'प्रोप्रियुस' म्हणजे 'स्वतःचे' या शब्दावरून नाव दिले. मराठीत स्वदेहजाणीव म्हणू. जगाची नव्हे, आपलीच आपल्याला होणारी जाणीव. स्नायूची लांबी चाती सांगते, तर स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेवर किती ओढ पडली आहे हे इटलीच्या कामिल्लो गोल्जीने पाहिलेले दुसरे इंद्रिय सांगते. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात तेव्हा मांडीच्या स्नायूतील चाती क्षणभर ताणल्या जातात, निरोप मेरुरज्जूत जातो आणि मेंदूला विचारण्याआधीच पाय उडतो.

निरोपाची भाषा १९२६ साली केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि इंग्वे त्सॉटरमान यांनी ऐकली. बेडकाच्या एका चिमुकल्या स्नायूत एकच चाती उरेल अशी योजना करून त्यांनी तिच्या तंतूतील विद्युत्स्पंदने नोंदवली. स्नायू कितीही ताणला तरी प्रत्येक स्पंदन सारख्याच उंचीचे. ताण वाढला की फक्त त्यांची संख्या वाढते. चर्चची घंटा जोरात वाजत नाही, भराभर वाजते, असे समजावे. शेरिंग्टन व एड्रियन यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्याआधी एका डॉक्टराने हा प्रश्न स्वतःच्या शरीराला विचारला होता. हेन्री हेड याने २५ एप्रिल १९०३ रोजी आपल्या डाव्या हाताच्या त्वचेकडे जाणारे मज्जातंतू कापून घेतले आणि पुन्हा शिवून घेतले. पुढे काही वर्षे केंब्रिजमध्ये विल्यम रिव्हर्स त्याच्या हातावर कापूस, टाचणी, बर्फ व कोमट पाणी लावून पाहत राहिला. हा रिव्हर्स म्हणजे निलगिरीच्या तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणारा तोच. परत येणाऱ्या संवेदनांविषयी हेडने मांडलेला सिद्धांत पुढे मान्य झाला नाही. परंतु एक निरीक्षण अबाधित राहिले. त्वचा पार बधिर झाली असतानाही बोटाने जोर देऊन दाबले की हेडला ते कळत होते, कारण खालच्या स्नायू-कंडरांचे तंतू कापलेले नव्हते. वरचा स्पर्श आणि खोलचा स्पर्श वेगळे होते.

येथे एका संताची आठवण येणे स्वाभाविक आहे. बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ साली हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहायला गेले. त्याच वर्षी नॉर्वेत हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला. डिसेंबर १८८४ मध्ये एके दिवशी डेमियन यांनी दमलेले पाय गरम पाण्यात बुडवले. पाणी इतके कढत होते की कातडीला फोड आले, आणि त्यांना काहीच जाणवले नाही. काय झाले आहे ते त्यांना कळले. १८८९ मध्ये ते वारले. २००९ साली त्यांना संतपद देण्यात आले. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांतील, म्हणजे त्वचेजवळच्या मज्जातंतूंत घर करतो. वेदना, ऊब-गारवा आणि हलका स्पर्श तो हिरावून घेतो. खोलवरच्या स्नायूंची जाणीव पुष्कळदा राहते. म्हणून असा रोगी चालू शकतो, काम करू शकतो, आणि ते करताना स्वतःला इजा करून घेतो.

बोटे झडतात ती रोगाने कुजून, अशी समजूत जगभर होती. ती खोडून काढण्यात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेल्या या शल्यविशारदाने पाहिले की एक मुलगा गंजलेल्या कुलपात किल्ली जोर लावून फिरवतो, कुलूप उघडते, आणि त्याच्या बोटाचे मांस हाडापर्यंत फाटलेले असते. त्याला पत्ता नसतो. रात्री काही रुग्णांची बोटे उंदीर कुरतडत. शेवटी रुग्णांना झोपताना सोबतीला मांजरे दिली गेली. ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत वेदनेचा इशारा देणारे कृत्रिम मोजे तयार करून पाहिले. ते साधले नाही. इशारा अडचणीचा वाटला की रुग्ण तो बंद करून टाकीत. रोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. गेलेली संवेदना मात्र बहुधा परत येत नाही.

ब्रँड यांचे हे ज्ञान पुढे मधुमेहींच्या उपयोगी पडले. मधुमेहातही पायांच्या तळव्यांची जाणीव हळूहळू जाते, चपलेतला खडा कळत नाही, आणि न कळलेल्या जखमेतून पाय गमावण्याची पाळी येते. असा धोका आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टर तळव्याला नायलॉनचा एक तंतू टेकवतात. तो दहा ग्रॅमचा जोर होताच वाकतो. तेवढेही कळले नाही तर पायाची रोज तपासणी करावी लागते. फॉन फ्रायच्या केसाचा हा आजचा वंशज. आपल्या घराघरांत मधुमेह शिरलेला असताना ही दोन मिनिटांची तपासणी मागून घ्यायला हरकत नाही.

डेमियन यांच्या अगदी उलट उदाहरणही घडले. १९७१ साली खाटकाचे काम करणारा एकोणीस वर्षांचा एक तरुण तापाने आजारी पडला, आणि त्यातून उठला तो मानेखालचा स्पर्श व स्वदेहजाणीव गमावून. वेदना आणि तापमान त्याला कळत होते. स्नायूंत शक्ती होती. पण आपले हातपाय कोठे आहेत हे पाहिल्याशिवाय त्याला कळत नव्हते. अंथरुणात तो चिंध्यांच्या बाहुलीसारखा पडून राही. मग त्याने डोळ्यांच्या पहाऱ्याखाली प्रत्येक हालचाल नव्याने शिकून घेतली. अनेक महिन्यांच्या कष्टांनंतर तो उभा राहिला, चालू लागला. मात्र दिवे गेले की तो जमिनीवर कोसळे. डॉ. जोनाथन कोल यांनी १९९१ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले. चालणे ही आपल्या लेखी काहीच नसलेली गोष्ट त्याला रोज मॅरेथॉनसारखी पळावी लागते, असे त्या पुस्तकाचे नावच सुचविते.

एकाची वेदना गेली, स्नायूंची जाणीव राहिली. दुसऱ्याची वेदना राहिली, स्नायूंची जाणीव गेली. स्पर्श एक असता तर हे शक्य नव्हते.

राहता राहिला एक प्रश्न: दाबाचे विजेत रूपांतर होते तरी कसे? लेबनॉनमधील युद्धाच्या धामधुमीतून १९८६ साली अमेरिकेत गेलेल्या अर्देम पातापूतियान या आर्मेनियन वंशाच्या संशोधकाने ते शोधले. त्याच्या प्रयोगशाळेत अशा पेशी होत्या, ज्यांना बारीक काचनळीने टोचले की विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होई. बेर्त्राँ कोस्त या सहकाऱ्याने ७२ संशयित जनुकांची यादी केली आणि एकेक जनुक बंद पाडून पुन्हा पेशी टोचायला सुरुवात केली. यादीतल्या अगदी शेवटच्या जनुकापाशी प्रवाह थांबला. या जनुकाच्या प्रथिनाला ग्रीक भाषेतील दाबाच्या शब्दावरून 'पिएझो-१' हे नाव मिळाले. लगेच त्याचे भावंड 'पिएझो-२' सापडले. हा शोध २०१० साली प्रसिद्ध झाला. तीन पात्यांच्या पंख्यासारखे हे प्रथिन पेशीच्या आवरणात खोलगट बसलेले असते. आवरण ताणले की ते सपाट होते, मधले दार उघडते, आणि विद्युत्भारित कण आत शिरतात. ॲरिस्टॉटलचा ताणलेला पडदा येथे खराच निघाला, फक्त फार लहान. मिरचीचा झणका आणि चटका एकाच दाराने कसे आत येतात, हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांच्यासह पातापूतियान यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

'पिएझो-२' हे मेर्केलच्या पेशींत आहे आणि स्नायूंच्या चातींतील तंतूंतही आहे; म्हणजे त्वचेचा मृदू स्पर्श आणि स्वदेहजाणीव या दोन वेगळ्या विटा एकाच मातीच्या निघाल्या. सुईची टोच मात्र दुसऱ्या वाटेने येते. हे माणसांत सिद्ध झाले ते २०१६ साली, अमेरिकेतील बेथेस्डा येथे, जन्मतःच हे जनुक निकामी असलेल्या दोन तरुण रुग्णांमुळे. हाताला टेकवलेल्या कंपनकाट्याची थरथर त्यांना कळली नाही. डोळे मिटून आपला सांधा वर वाकवला की खाली, हेही सांगता आले नाही. टाचणी टोचलेली मात्र लगेच कळली. डोळे उघडे असताना समोरचे बोट आणि आपले नाक यांना आळीपाळीने स्पर्श करणे त्यांना जमत होते. डोळ्यांवर पट्टी बांधताच हात भलतीकडे जाऊ लागला. डोळे बांधून चालताना त्यांचा तोल जाई. दोघांचाही पाठीचा कणा बाकदार होता, आणि सुरुवातीला डॉक्टरांना त्याचा या दोषाशी काय संबंध ते उमगेना. पुढे उंदरांवर प्रयोग झाले. ज्या उंदरांच्या फक्त स्नायूंच्या जाणिवेतून हे प्रथिन काढून टाकले होते, त्यांची हाडे जन्मतः नीट होती. वाढीच्या वयात त्यांचे कणे हळूहळू वाकत गेले.